गुडघा बदलून सहा आठवडे झाले, तरी पाय पूर्ण सरळ होत नाही

ओसरी (प्रश्न)

नमस्कार. माझ्या आईचे वय ६८ आहे. गेली दहा-बारा वर्षे तिला गुडघ्यांच्या झिजेचा त्रास होता. उजवा गुडघा इतका झिजला होता की एक्स-रेमध्ये आतल्या बाजूला दोन हाडांमधली फट दिसतच नव्हती, पाय धनुष्यासारखा बाहेर वाकला होता आणि कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जाताना ती दोन ठिकाणी थांबत असे. तेल, शेक, पट्टा, गोळ्या आणि सांध्यातली इंजेक्शने हे सगळे करून झाल्यावर सहा आठवड्यांपूर्वी उजव्या गुडघ्याची संपूर्ण सांधेरोपण शस्त्रक्रिया झाली. दुसऱ्या दिवशी ती वॉकर घेऊन उभी राहिली, चौथ्या दिवशी आम्ही घरी आलो आणि चौदाव्या दिवशी टाके निघाले. जखम कोरडी आहे, ताप नाही, पाय दिसायलाही सरळ दिसतो. इथपर्यंत सगळे सुरळीत होते.

काळजी पुढची आहे. फिजिओथेरपिस्टच्या मोजणीनुसार गुडघा ८५ अंशांपर्यंत वाकतो आणि सरळ होताना १० अंश कमी पडतो. गेल्या दोन आठवड्यांत या आकड्यांत काहीच फरक पडलेला नाही. गुडघा अजून हाताला गरम लागतो, चालताना आतून ‘टक्’ असा आवाज येतो आणि व्रणाच्या बाहेरच्या बाजूला बोट लावले तर तिला ते कळत नाही. रात्री अडीचच्या सुमारास ठणका लागून ती उठून बसते. गुडघ्याखाली उशीची घडी ठेवली की तिला बरे वाटते, त्यामुळे रात्रभर आणि दुपारीही ती उशी तिथेच असते. व्यायामाची वेळ झाली की ती काहीतरी निमित्त काढते, आणि फिजिओथेरपिस्टने पाय हातात घेतला की डोळ्यांत पाणी येते.

यात भर म्हणजे मावशी रोज फोनवर सांगते की तिच्या ओळखीतल्या बाई तिसऱ्या आठवड्यात भाजी आणायला गेल्या, आणि आपण महागाचा ‘हाय-फ्लेक्स’ (जास्त वाकणारा म्हणून विकला जाणारा) गुडघा घेतला असता तर ही वेळ आली नसती. शल्यविशारदांची पुढची तपासणी दहा दिवसांनी आहे. एवढे थांबणे ठीक आहे का? आणि यातले नेमके काय स्वाभाविक आणि काय चिंतेचे, हे कोणी अनुभवातून सांगू शकेल का?

दुपारची गाडी

ताई, माझे दोन्ही गुडघे बदललेले आहेत. डावा २०१९ मध्ये आणि उजवा २०२१ मध्ये. मी डॉक्टर नाही, निवृत्त शिक्षक आहे, त्यामुळे फक्त माझ्यापुरते सांगतो.

गुडघा गरम लागणे माझ्या बाबतीत पाच महिने टिकले. आवाज अजून येतो; तो धातू आणि प्लॅस्टिक एकमेकांवर टेकल्याचा आहे असे मला सांगण्यात आले, आणि त्याने आजवर काही बिघडलेले नाही. व्रणाच्या बाहेरच्या बाजूचा रुपयाएवढा बधिर भाग चार वर्षांनंतरही बधिरच आहे. झोपेचे म्हणाल तर पहिले दोन महिने मी रात्री दोनचे टोल मोजलेले आहेत. हे चारही प्रकार आईंना होत आहेत म्हणून घाबरू नका.

पण ती उशी आजच काढा. पहिल्या गुडघ्याच्या वेळी मी हीच चूक केली. गुडघा किंचित वाकवून ठेवला की सांध्यातल्या सुजेला जागा मिळते आणि दुखणे कमी होते, त्यामुळे ती सवय फार लवकर लागते. आठव्या आठवड्यात तपासणीच्या वेळी मी उताणा झोपलो असताना शल्यविशारदांनी माझ्या गुडघ्याखालून त्यांची आख्खी मूठ आरपार नेऊन दाखवली आणि विचारले, “घरी उशी कोण देते?” बायकोने खाली पाहिले. पुढचे तीन महिने ती फट भरून काढण्यात गेले. दुसऱ्या गुडघ्याच्या वेळी रुग्णालयातल्या पहिल्या दिवसापासून मी टॉवेलची गुंडाळी टाचेखाली ठेवली आणि गुडघा मोकळा सोडला. त्या वेळी वाक यायला वेळ लागला, पण पाय मात्र तिसऱ्या आठवड्यातच सपाट टेकला.

मावशींना एक गोष्ट सांगा. अटलबिहारी वाजपेयी पंतप्रधान असताना मुंबईत ब्रीच कँडी रुग्णालयात न्यूयॉर्कहून आलेल्या डॉ. चित्तरंजन राणावत यांनी वाजपेयींचा डावा गुडघा ऑक्टोबर २००० मध्ये आणि उजवा जून २००१ मध्ये बदलला. संपूर्ण गुडघा बदलण्याची आजची पद्धत १९७० च्या दशकात ज्यांनी रूढ केली, त्यांच्यापैकी ते एक. तेवढा हात आणि तेवढी बडदास्त असूनही दोन गुडघ्यांमध्ये आठ महिने जाऊ दिले गेले. मावशींच्या ओळखीतल्या बाईंनी तिसऱ्या आठवड्यात भाजी आणली असेलही, परंतु ती पिशवी घरी आल्यावर त्यांचा गुडघा किती सुजला, हे फोनवर कोणी सांगत नाही.

कोनमापक

मी फिजिओथेरपिस्ट आहे. आपल्या आईंचा पाय मी पाहिलेला नाही, त्यामुळे माझे म्हणणे त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांच्या सल्ल्याला पर्याय समजू नये. वरच्या काकांनी उशीबद्दल जे लिहिले आहे त्यात मला काहीही बदलायचे नाही, फक्त त्यामागचे कारण सांगते, कारण कारण कळले की रुग्ण ऐकतात असा माझा अनुभव आहे.

घरी सगळ्यांचे लक्ष वाकण्याकडे असते. ‘किती अंश झाले?’ असे विचारणारे नातेवाईक सरळ होण्याबद्दल कधीच विचारत नाहीत. वास्तविक सपाट जमिनीवर चालायला गुडघा साधारण ६५ अंश वाकला तरी भागते, जिन्याला ८५ ते ९० अंश आणि खुर्चीतून सहज उठायला त्याहून थोडे अधिक लागतात. म्हणजे आईंचे ८५ अंश रोजच्या व्यवहाराच्या उंबरठ्यावर आलेले आहेत. याउलट पाय टाकताना टाच जमिनीला टेकते त्या क्षणी गुडघा जवळजवळ पूर्ण सरळ असावा लागतो. तो १० अंश वाकलेला राहिला, तर नुसते उभे राहतानासुद्धा मांडीच्या पुढच्या स्नायूला सतत ताण धरून ठेवावा लागतो. शस्त्रक्रियेनंतर हाच स्नायू सर्वांत जास्त अशक्त झालेला असतो. तो दमतो, माणूस लंगडतो, पाय आखूड झाल्यासारखा वाटतो, आणि मग कंबर व दुसरा गुडघा बोलू लागतात. शस्त्रक्रियेच्या आधी कित्येक वर्षे गुडघा पूर्ण सरळ होत नसेल तर मागचे स्नायूही आखडलेले असतात, त्यामुळे हा भाग आपोआप सुटत नाही.

घरी करून पाहण्यासारखे असे. जाड, मऊ गादीवर व्यायाम करू नका, कारण गादी दबते आणि फट लपते. दिवाणावर सतरंजी किंवा पातळ चटई घालून आईंना उताणे झोपवा, टाचेखाली टॉवेलची घट्ट गुंडाळी ठेवा आणि गुडघ्याखाली काहीही ठेवू नका. आधी पाच मिनिटे पाय तसाच स्वतःच्या वजनाने खाली जाऊ द्या. नंतर पाऊल स्वतःकडे ओढून मांडीचा स्नायू आवळायचा आणि गुडघ्याची मागची बाजू खाली दाबायची, पाचापर्यंत मोजायचे आणि सोडायचे. असे दहा-पंधरा वेळा, दिवसातून चार-पाच वेळा. एका बैठकीत अर्धा तास रडत करण्यापेक्षा दर दोन-तीन तासांनी दहा मिनिटे करणे या टप्प्यावर जास्त उपयोगी पडते. वाकण्यासाठी खुर्चीवर बसून पाऊल जमिनीवरून मागे सरकवायचे, आणि शेवटी चांगल्या पायाने हलकेच मागे ढकलायचे. तो जोर त्यांच्या स्वतःच्या ताब्यात असल्यामुळे भीती कमी होते.

आता मला एक प्रश्न विचारायचा आहे. आई वेदनाशामक गोळ्या घेत आहेत का, आणि घेत असतील तर व्यायामाच्या आधी किती वेळ? सहाव्या आठवड्यात आकडे अडले की मी आधी हेच विचारते. गोळी व्यायामाच्या सुमारे पाऊण तास आधी पोटात गेली पाहिजे. व्यायाम झाल्यावर पाय उंच ठेवून कापडात गुंडाळलेल्या बर्फाचा शेक पंधरा-वीस मिनिटे द्यावा. बर्फ थेट कातडीवर ठेवू नये, विशेषतः बधिर भागावर, कारण तिथे भाजल्यासारखे झाले तरी कळणार नाही. संध्याकाळी गुडघा सकाळपेक्षा बराच फुगत असेल, तर दिवसभरातले चालणे किंवा स्वयंपाकघरात ओट्याशी उभे राहणे जास्त झाले असे समजावे.

ओसरी

आपणा दोघांचे मनापासून आभार. मी काल संध्याकाळी आईला दिवाणावर झोपवून पाहिले. गुडघ्याखालून माझी मूठ सहज गेली. डाव्या, म्हणजे न बदललेल्या गुडघ्याखालूनही दोन बोटे जातात, हे मला आजवर माहीतच नव्हते.

गोळ्यांबद्दल विचारल्यावर आधी ती गप्प राहिली. मग कळले की सोळाव्या दिवसापासून तिने त्या बंद केल्या आहेत. पाकिटे उशाच्या डब्यात तशीच आहेत. ‘फार पेनकिलर घेतल्या की किडनी जाते’ असे तिला कोणीतरी सांगितले होते. तिला रक्तदाबाचा त्रास आहे, मधुमेह नाही. डॉक्टरांनी पॅरासिटामॉल दिवसातून तीन वेळा आणि दुसरी एक गोळी फार दुखले तरच, असे लिहून दिले होते. म्हणजे गेले चार आठवडे ती कोणतीही गोळी न घेता हे सगळे सोसत होती आणि मी तिला ‘व्यायामाला टाळाटाळ करतेस’ म्हणून रागावत होते.

किडनीची भीती खरी आहे का? आणि हाय-फ्लेक्सचे काय?

तिरकी खिडकी

मी अस्थिरोगतज्ज्ञ आहे, सांधेरोपणाची कामे करतो. थोडक्यात उत्तरे देतो.

मूत्रपिंडाला अपाय होण्याची भीती प्रामुख्याने डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन या जातीच्या गोळ्यांबाबत असते, आणि रक्तदाबाची औषधे चालू असलेल्या ज्येष्ठ रुग्णांत ती रास्तही आहे. पॅरासिटामॉल लिहून दिलेल्या मात्रेत घेतल्यास तो प्रश्न सहसा येत नाही. तिथे मात्रा ओलांडू नये ती यकृतासाठी. ‘दुसरी गोळी’ कोणत्या जातीची आहे, हे आपल्या डॉक्टरांना विचारून घ्या. ती ट्रॅमाडॉलसारखी असेल तर बद्धकोष्ठता आणि गुंगी येऊ शकते, आणि रात्री उठताना पडण्याची भीती असते.

हाय-फ्लेक्सबद्दल मावशींचा गैरसमज दूर करावा. राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणाने ऑगस्ट २०१७ मध्ये गुडघ्याच्या रोपणांवर कमाल किंमत घातली, तेव्हा कोबाल्ट-क्रोम या मिश्रधातूच्या नेहमीच्या गुडघ्याला कर वगळून ५४,७२० रुपये आणि हाय-फ्लेक्सला ५६,४९० रुपये अशी मर्यादा होती. त्याआधी या दोहोंच्या किमतींत जे अंतर दाखवले जाई, त्यामुळे ‘महाग तो जास्त वाकणारा’ ही समजूत घट्ट बसली. प्रत्यक्षात शस्त्रक्रियेनंतर गुडघा किती वाकेल, हे सर्वांत जास्त शस्त्रक्रियेपूर्वी तो किती वाकत होता यावर ठरते. आईंचा गुडघा आधी ९५ अंशच वाकत असेल, तर आजचे ८५ अंश अपयश म्हणता येणार नाही. जुन्या कागदांत तो आकडा सापडतो का पाहा.

दहा दिवस थांबण्याबद्दल मात्र माझे मत वेगळे आहे. कोणतेही संकट दिसत नाही, तरीही आपण उद्याच आपल्या शल्यविशारदांना दूरध्वनी करून दोन्ही आकडे सांगावेत. सहा ते बारा आठवड्यांच्या दरम्यान वाक ९० अंशांच्या खाली अडून राहिली, तर भूल देऊन गुडघा हलकेच वाकवून आतले चिकटलेले पापुद्रे सोडवण्याचा उपाय करता येतो. बाराव्या आठवड्यानंतर त्याचा लाभ कमी होत जातो. त्या उपायाने मुख्यतः वाक सुधारते. सरळ न होणाऱ्या गुडघ्याला त्याचा तेवढा उपयोग होत नाही, म्हणून वर सांगितलेले टाचेखालच्या गुंडाळीचे काम कोणाला उरकून देता येण्यासारखे नाही.

व्रणातून पाणी किंवा पू येऊ लागला, थंडी वाजून ताप आला, किंवा कमी झालेले दुखणे पुन्हा चढत्या क्रमाने वाढू लागले, विशेषतः बसल्या जागीही, तर त्याच दिवशी दाखवावे. अशा वेळी जवळच्या दवाखान्यातून प्रतिजैविके सुरू करून घेऊ नयेत. सांध्यातले पाणी तपासण्याआधी ती पोटात गेली तर जंतू सापडत नाही आणि पुढचे सगळेच अवघड होते. पोटरी घट्ट होऊन दुखू लागली तर लगेच तपासून घ्यावे, आणि एकाएकी दम लागला किंवा छातीत दुखले तर फोनाफोनी न करता थेट मोठ्या रुग्णालयात जावे, कारण पायातली गुठळी फुप्फुसात गेलेली असू शकते.

मागचे दार

सगळे चांगलेच लिहीत आहेत, म्हणून दुसरी बाजूही नोंदवतो. माझ्या वडिलांच्या शस्त्रक्रियेला चौदा महिने झाले. गुडघा ११० अंश वाकतो, पूर्ण सरळ होतो, एक्स-रे उत्तम आहे, रक्ताच्या तपासण्यांत संसर्ग नाही, आणि तरीही जिना उतरताना त्यांचा गुडघा दुखतो. ‘सहा महिन्यांत धावाल’ असे आम्हाला शस्त्रक्रियेपूर्वी सांगण्यात आले होते. त्या वाक्याचा त्यांना सर्वांत जास्त त्रास झाला, दुखण्याहूनही. पुढे दुसऱ्या डॉक्टरांनी शांतपणे सांगितले की गुडघा बदललेल्यांपैकी सुमारे पाचात एक जण निकालावर पूर्ण समाधानी नसतो, आणि हे त्यांना आधीच सांगायला हवे होते.

मात्र आधीचे दुखणे आणि आताचे दुखणे एक नाही. पूर्वी ते रात्री कुशीवर वळताना कण्हत असत, ते थांबले. सकाळी दीड-दोन किलोमीटर काठीशिवाय चालून येतात. जे गेले ते जमिनीवर बसणे. पाट, पंगत, उकिडवे बसणे हे सगळे बंद, आणि गुडघे टेकून देवाला नमस्कार करताना व्रणाखाली काचेवर टेकल्यासारखे वाटते म्हणून तेही त्यांनी सोडले. देव्हारा आम्ही कमरेइतक्या उंचीच्या टेबलावर घेतला. आईंना ही गोष्ट अजून कोणी सांगितली नसेल, तर गौरी-गणपतीच्या आधी सांगा; ऐन सणात कळले की मन फार मोडते.

कोनमापक

वरील प्रतिसाद महत्त्वाचा आहे, आणि ‘धावाल’ असे कोणी सांगू नये याच्याशी मी सहमत आहे. एक भर घालते. दुखणे टिकून असताना एक्स-रे चांगला असेल, तर खुबा आणि कंबर एकदा तपासून घ्यावेत, कारण खुब्याचे दुखणे गुडघ्यात जाणवू शकते. जिना उतरताना दुखत असेल तर मांडीच्या स्नायूची ताकद दुसऱ्या पायाच्या तुलनेत किती आहे, हे चौदा महिन्यांनंतरही पाहण्यासारखे आहे. बहुतेक जण तिसऱ्या महिन्यात व्यायाम सोडून देतात आणि तो पाय वर्षभर कमकुवतच राहतो. तोपर्यंत जिना चढताना चांगला पाय आधी आणि उतरताना शस्त्रक्रियेचा पाय आधी, कठड्याला धरून, एका पायरीवर दोन्ही पाय घेत उतरावे.

ओसरी

पाच आठवड्यांनी कळवत आहे. दुसऱ्याच दिवशी मी शल्यविशारदांना फोन केला आणि त्यांनी लगेच बोलावून घेतले. जुन्या कागदांत आकडा सापडला: शस्त्रक्रियेपूर्वी गुडघा १०० अंश वाकत होता आणि सरळ होताना १५ अंश कमी पडत होता. ते त्यांनी आईला स्वतः मोठ्याने वाचून दाखवले. गोळ्या वेळापत्रकाने सुरू झाल्या, दुसरी गोळी त्यांनी बदलून दिली आणि दोन आठवड्यांनी पुन्हा पाहून भूल देण्याचे ठरवू असे सांगितले. ती वेळ आली नाही.

काल अकराव्या आठवड्याची मोजणी झाली. वाक १०२ अंश आहे आणि सरळ होण्यात ३ अंश कमी पडतात. दिवाणावर झोपवले तर गुडघ्याखालून आता माझे एक बोट जेमतेम जाते. टाचेखालची गुंडाळी ती स्वतःच लावते, मात्र दुपारी मालिका पाहताना उशी अजूनही गुडघ्याखाली सरकलेली मला दोनदा सापडली. रात्रीची झोप चार-साडेचार तासांवर आली आहे. जमिनीवर बसण्याचे तिला सांगितले. ती त्यावर काही बोलली नाही, पण दुसऱ्या दिवशी तिने हळदीकुंकवाचे साहित्य खालच्या फडताळातून काढून ओट्यावरच्या कपाटात ठेवायला लावले.

डाव्या गुडघ्याबद्दल डॉक्टरांनी उजवा मजबूत झाल्यावर, सहा महिन्यांच्या तपासणीनंतर बोलू असे म्हटले आहे. तोवर त्या पायाखालीसुद्धा टॉवेलची गुंडाळी ठेवून व्यायाम सुरू केला आहे.